समजुतीचा कागद

निवृत्त झालो त्याच वर्षी ग्रामसभेनं मला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. कुणी हरकत घेतली नाही. मी प्राथमिक शाळेचा मास्तर, गावातली निम्मीअधिक माणसं माझ्या हाताखालून गेलेली. शिवाय आमचं गावात एकच लिंगायताचं घर, वडलांचं किराणा दुकान. त्यामुळं कुठल्याच भावकीत मी धरला जात नव्हतो. "गुरुजी कुणाच्याच बाजूचे न्हाईत, म्हणून सगळ्यांचे हाईत," असं सरपंच म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मला ते फार आवडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या या आवडण्याचा वाटा मोठा आहे.

आमचं गाव कोल्हापुरातून राधानगरीला जाताना लागतं. नदीकाठाला ऊस, वर माळाला भुईमूग आणि भात. भांडणं असायची ती अशीच, बांध कोरल्याची, दारात सांडपाणी सोडल्याची, शेळी दुसऱ्याच्या रानात घुसल्याची. मी दोन्ही बाजूंना मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बोलवायचो. आधी चहा, मग बोलणं. बरीचशी भांडणं चहातच निम्मी व्हायची. मिटलं की मी समजुतीचा कागद लिहायचो. माझं अक्षर चांगलं आहे. खाली दोघांच्या सह्या, आम्हा पाच पंचांच्या सह्या, आणि एक प्रत पोलीस ठाण्यात. साहेब एकदा म्हणाले होते, "गुरुजी, तुमच्या गावाची फाईल उघडायलाच लागत नाही." तेही मला आवडलं होतं.

माझा एक मित्र होता. आहे. आम्ही पहिलीपासून एका वर्गात. तो बौद्धवस्तीतला. मला नदीत पोहायला त्यानं शिकवलं. आमच्या घरात पाण्याची भीती, आणि हा मला पोटाखाली हात धरून डोहात सोडायचा. मॅट्रिक झाल्यावर मी डी.एड.ला गेलो, तो कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला. आयुष्यभर त्यानं साचे भरले, तापलेल्या लोखंडापुढं उभा राहिला. सकाळी एसटीनं जायचा, संध्याकाळी काळाठिक्कर होऊन यायचा. रिटायर झाल्यावर त्यानं माळाच्या कडेला एक एकर रान घेतलं. त्याच्या घराण्यात स्वतःच्या नावाचा सातबारा असलेला तो पहिला. सातबारा त्यानं मला दाखवायला आणला तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. "वाच की मास्तर," म्हणाला. मी मोठ्यानं वाचला. तो हसत होता.

त्या रानाला जायला पाणंद होती. सरकारी नकाशात असलेली, बैलगाडी जाईल एवढी वाट. तिच्या दोन्ही अंगाला गावातल्या एका मोठ्या बागायतदाराचा ऊस. पाच वर्षं पलीकडं कुणी कसत नव्हतं, तेव्हा बागायतदार दर वर्षी एकेक सरी पाणंदीत सरकवत गेला. मित्रानं रान घेईपर्यंत वाटेची पायवाट झाली होती. मित्रानं तहसीलदाराकडं अर्ज केला. मोजणी मागितली. अर्ज मीच लिहून दिला होता.

पहिला मार त्याला बसला तो शेणखताची गाडी घेऊन गेला तेव्हा. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. तो फाटकातून आत आला. शर्टाची बाही खांद्यापासून उसवलेली, कानामागून रक्त आलेलं आणि वाळलेलं. उभ्या उभ्याच म्हणाला, "मास्तर, ठाण्याला चाललोय. तू संगं चल."

"काय झालं?"

"मारलं. त्यानं आन् त्याच्या पुतण्यानं. काठीनं." मग म्हणाला, "माराचं काय न्हाय रं. जातीवरनं बोलला. बायकूच्या देखत बोलला. चार गडी उसातलं तण भांगलत हुते, त्येंच्या देखत. त्ये लिवायचं हाय मला ठाण्यात."

काय बोलला तेही त्यानं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. पण मी ते ऐकलं, आणि समजलं, हे लिहून ठेवतो.

त्याच वेळी मी चपला घालून त्याच्याबरोबर निघायला हवं होतं. ठाणं मोटरसायकलवरून वीस मिनिटांवर. मी म्हणालो, "आधी बस. चहा घे."

तो बसला. बायकोनं हळद आणि कापूस आणला, त्याचा कान पुसला. मी बोलत राहिलो. मला बोलता येतं, तो माझा धंदाच होता. मी म्हणालो, ॲट्रॉसिटीची केस म्हणजे साधी गोष्ट नाही, गाव दोन तुकडे होईल. तुझ्या वस्तीतली माणसं त्यांच्याच उसात कामाला जातात, उद्या त्यांना कोण बोलवील? तुझा मुलगा बाहेर आहे, पण सून-नातवंडं इथंच आहेत. मोजणी येतेच आहे, वाट तुला मिळणारच आहे. हे सगळं खरं होतं. मी जे सांगितलं नाही तेही खरं होतं. पुढच्या महिन्यात तालुक्याहून पाहणीला माणसं यायची होती, गाव पुन्हा तंटामुक्त जाहीर व्हायचं घाटत होतं, आणि अशी एक केस पडली की ते जमणार नव्हतं. अध्यक्ष मी होतो.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. शेवटी म्हणाला, "तू म्हणतूस म्हणून. उद्या बलिव त्येला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाच पंच आणि सरपंच देवळात बसलो. बागायतदार आला, माझ्याशेजारी सतरंजीवर बसला, पाय चेपत बसला, त्याला सांधेदुखी. मित्र आणि त्याची बायको सभामंडपाच्या पायरीवर बसले. त्यांना तिथं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. आत या असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही. ज्या माणसाच्या ताटात मी जेवलोय तो पायरीवर बसलाय, हे मला त्या दिवशी दिसलंच नाही. फार नंतर, रिकाम्या वेळी, ते चित्र डोळ्यांपुढं आलं.

मी बागायतदाराला विचारलं, "तुम्ही याला जातीवरून बोललात?"

त्यानं नाकारलं नाही. "बोललो असंल गुरुजी. रागाच्या भरात माणूस काय बी बोलतं. मोठा हाय म्हणून म्या मिटवाया आलोय न्हवं?"

आम्ही पाचही जणांनी ते ऐकलं. मग मी कागद लिहायला घेतला. लिहिलं की शेतरस्त्याच्या कारणावरून उभयतांत गैरसमजातून बाचाबाची व किरकोळ झटापट झाली; यात दोन्ही बाजूंची चूक असून ती त्यांनी मान्य केली आहे; मोजणी होईपर्यंत उभयतांनी सलोख्यानं राहावं. वाचून दाखवलं.

मित्र म्हणाला, "गैरसमज कसला, मास्तर? मला तर सगळं नीट समजलंय."

सरपंच हसले. मीही थोडा हसलो.

"आन् माजी चूक काय?" तो म्हणाला. "खताची गाडी नेली ही?"

"अरे, तसं लिहावं लागतं," मी म्हणालो. "एकाचीच चूक लिहिली की ती समजूत होत नाही, तक्रार होते."

"आन् त्यो जे बोलला त्ये?"

"ते लिहिलं की केसच झाली की. मग इथं बसून काय उपयोग?"

त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि ती मारुतीकडं नाही, माझ्याकडं बघत होती. तो उठला, आत आला, वाकून सही केली. सावकाश, अक्षर अक्षर काढून. सातबाऱ्यावर असतं तसं पूर्ण नाव. मग बागायतदारानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि फोटो काढला गेला. त्या फोटोत मी मधे आहे.

महिन्याभरानं पाहणी झाली, गाव तंटामुक्त जाहीर झालं, वेशीवरच्या फलकाला नवा रंग दिला. माझा सत्कार झाला. शाल अजून कपाटात आहे, बायको ती बाहेर काढत नाही.

मोजणी आली नाही. एकदा तारीख पडली आणि मोजणीदारच आला नाही, दुसऱ्यांदा पावसानं रान चिखल झालं. दिवाळीच्या सुमाराला मित्राची बायको आमच्याकडं आली. ती एकटी कधी येत नसे. ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली.

"भावजी, त्येचा पुतण्या म्हणतूया, कागदावर सही केलीसा न्हवं, मग वाट आमची झाली. परत गाडी घातली तर हात ऱ्हाणार न्हाय म्हणतूया."

मी म्हणालो, "असं कसं? कागदात वाट त्यांची असं कुठं लिहिलंय?"

"कागदात काय लिवलंय त्ये तुमाला ठावं. मला वाचाया येत न्हाय. आमाला एवढं सांगा, त्यो कागद आमाला राखील काय?"

मी म्हणालो, "मी बोलतो त्यांच्याशी. तुम्ही काळजी करू नका."

मी बोललो नाही. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली. आठवड्याभरात सोसायटीच्या कार्यक्रमात बागायतदार माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होता. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून माझ्या मुलीच्या संसाराची चौकशी केली. मला विषय काढायचा होता. मनात वाक्य तयार होतं. पण स्टेजवर हार-तुरे चालले होते, लोक बघत होते, आणि मला वाटलं, उगीच चांगल्या वेळेला कशाला. नंतर बोलू. नंतर मी ते विसरलो नाही, फक्त पुढं ढकलत राहिलो. रस्त्यात मित्र भेटला की मीच आधी मोजणीचं काहीतरी बोलायचो, म्हणजे त्याला दुसरं काही विचारता येऊ नये.

ऊसतोडीचे दिवस होते. सकाळची आठाची वेळ. मी दूध घालायला डेअरीत गेलो होतो, तेव्हा एक बाई पळत आली आणि ओरडली, "पाणंदीत मारामारी झालीया, हात तोडला!" कुणाचा, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

मित्र म्हशीसाठी वैरणीचा भारा घेऊन येत होता. गाडी नव्हतीच, डोक्यावर भारा होता. पुतण्यानं अडवलं. शब्दानं शब्द वाढला. पुन्हा तेच शब्द. मित्र म्हणाला, आता मात्र मी ठाण्याला जाणार. तेव्हा बागायतदार मागून म्हणाला, "जातूस कसा बघतो," आणि पुतण्याच्या हातात ऊस तोडायचा कोयता होता. मित्रानं उजवा हात वर केला.

मी पोचलो तेव्हा त्याला टेम्पोत घालत होते. त्याच्या बायकोनं त्याचा हात स्वतःच्या लुगड्याच्या पदरात गुंडाळून छातीशी धरला होता. मी टेम्पोत चढायला गेलो. ती म्हणाली, "तुमी येऊ नगासा." मोठ्यानं नाही म्हणाली. टेम्पो गेला. वैरण वाटेत पडली होती, एक शेळी ती खात होती, आणि मी तिथं उभा.

कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा हात वाचवला, म्हणजे तो अंगाला राहिला. अंगठा थोडा हलतो. बाकीची चार बोटं नाहीत असंच धरायचं.

यानंतर तरी मी खरं बोलायला हवं होतं. नाही बोललो. तपासाला मोठे साहेब गावात आले. पंचायतीच्या ऑफिसात त्यांनी माझा जबाब घेतला. शेजारी सरपंच, खिडकीत माणसं.

"आधी यांच्यात वाद होता?"

"किरकोळ होता. मिटवला होता आम्ही." मी कागदाची प्रत दिली.

"त्या वेळी जातिवाचक काही बोलल्याची तक्रार होती?"

सरपंचांनी खाकरून घसा साफ केला. एवढंच. धमकी नाही, काही नाही. मी म्हणालो, "माझ्या कानावर तसं काही आलं नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. इतकी वर्षं मी पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं केलं होतं. त्या दिवशी मी घरी गेलो, जेवलो, झोपही लागली. हे मला सगळ्यात जास्त खातं.

त्यानंतर आम्ही गाव सोडलं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन हे कारण सांगितलं, ते झालंही. मुलगी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. तिच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायला आलो. इथं मला कुणी ओळखत नव्हतं. सकाळी रंकाळ्याला फेरी मारायची, येताना भाजी आणायची. पेठेतली माणसं मोठ्यानं बोलतात, लगेच आपलं म्हणतात. खालच्या बेकरीवाल्यानं चौथ्याच दिवशी विचारलं, "पावणं, कुठलं तुमी?" मी गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे त्ये हात तोडलं त्ये गाव?" मी म्हणालो, होय, तेच. आणि पाव घेऊन जिना चढलो.

समन्स आलं तेव्हा मी जेवत होतो. साक्षीदार म्हणून. बायकोनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, परत दिला. ती माझ्याशी या विषयावर तोवर एकदाही बोलली नव्हती. ती म्हणाली, "त्या दिवशी त्यांचा कान मी पुसला. मी आत होते, पण मी सगळं ऐकलं होतं. तुम्ही चहा घे म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं तुम्ही जाणार नाही."

"मग तू का नाही बोललीस?"

"माझं चुकलंच," ती म्हणाली. "पण मला कुणी अध्यक्ष केलं नव्हतं."

कोर्टात जायच्या आदल्या आठवड्यात सरपंचांचा फोन आला. गोड बोलले. वहिनींचा गुडघा कसा आहे. मग म्हणाले, "गुरुजी, कागदात हाय तेवढंच बोला. जास्ती काय आठवायला जाऊ नका. बाकी चौघं तेच बोलणार हाईत." मी बरं म्हणालो. मी सगळ्यांना बरंच म्हणत आलोय.

साक्षीच्या दिवशी मित्र कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसला होता. दोन वर्षांनी बघत होतो. तो वाळला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, त्यावर रुमाल टाकलेला. त्यानं मला बघितलं आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. त्याच्या बायकोनं बघितलं नाही.

सरकारी वकील बाईंनी मला विचारलं, त्या बैठकीत काय झालं. मी सांगितलं. सगळं. आरोपीनं आमच्यापुढं कबूल केलं होतं, ते शब्द काय होते, मित्रानं ते लिहायला सांगितलं होतं आणि मी लिहिले नाहीत. पुढं त्याची बायको धमकीचं सांगायला माझ्याकडं आली होती, तेही सांगितलं. बोलून झालं तेव्हा मला हलकं वाटलं. आता झालं, असं वाटलं. किती स्वस्तात सुटतोय असं वाटण्याइतका मी तेव्हाही मूर्ख होतो.

मग आरोपीचे वकील उठले. सभ्य माणूस. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला.

"हे अक्षर आपलं?"

"होय."

"सुंदर आहे. यात जातिवाचक बोलण्याचा एक शब्द आहे?"

"नाही."

"दोन्ही बाजूंची चूक आहे, असं लिहिलंय. आपणच लिहिलंय ना?"

"होय."

मग त्यांनी पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवला. माझ्या कानावर तसं काही आलं नाही. "हेही आपणच सांगितलंत?"

"होय."

"म्हणजे दोनदा एक सांगितलंत आणि आज तिसऱ्यांदा दुसरं. मग गुरुजी, आपण खोटं कधी बोललात? तेव्हा, की आत्ता?"

"तेव्हा," मी म्हणालो.

"म्हणजे आपण खोटं लिहिता आणि त्यावर सही करता, हे आपल्याला मान्य आहे."

"मान्य आहे."

ते जज्जसाहेबांकडं वळून म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि बसले.

बाकीच्या चार पंचांनी कागदाप्रमाणं साक्ष दिली. भांगलणारे गडी आलेच नाहीत, म्हणजे आले आणि म्हणाले, आम्ही लांब होतो.

निकाल लागला तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. पुतण्याला आणि बागायतदाराला हात तोडल्याबद्दल शिक्षा झाली. डॉक्टरांचा पुरावा होता, कोयता सापडला होता. जातीवरून अपमान केल्याचा गुन्हा मात्र सिद्ध झाला नाही. निकालपत्रात माझ्याबद्दल दोन ओळी होत्या. वकील बाईंनी मला नंतर वाचून दाखवल्या. मी आधी दोनदा वेगळं सांगितलं असल्यानं माझ्या साक्षीवर विसंबून राहता येत नाही, असं लिहिलं होतं. बरोबरच होतं. मीही पेपर तपासताना असंच केलं असतं.

बाहेर आवारात मित्र झाडाखाली उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो. काय बोलायचं ते रात्रंदिवस घोकलं होतं, त्यातलं काही आलं नाही. मी म्हणालो, "मी उशीर केला."

तो म्हणाला, "हातासाठी शिक्षा झाली त्येला. हाताचं मला एवढं न्हवतंच की रं. त्यो ज्ये बोलला, त्ये कुटंतरी लिवलं जावं, एवढंच म्हणत हुतो मी पयल्यापास्नं. आता त्यो बोललाच न्हाय, असं कोर्टानंच लिवलं."

"कोर्टानं सिद्ध झालं नाही म्हटलंय. बोलला नाही असं नाही म्हटलं," मी म्हणालो. सवय जात नाही. शब्दांत फरक करून दाखवायची सवय.

तो माझ्याकडं बघत राहिला. "व्हय मास्तर," म्हणाला, "तसं आसंल," आणि गेटकडं चालू लागला.

अपील झालंय. दोघंही जामिनावर गावात आहेत. बागायतदाराच्या ओसरीवर पूर्वीसारखीच माणसं बसतात म्हणे. गाजावाजा झाल्यामुळं एक गोष्ट मात्र झाली. तहसीलदारांनी स्वतः येऊन पाणंद मोजली आणि जेसीबी लावून खुली केली. आता तिथून ट्रॅक्टर जातो. मित्राला स्वतः काही कसता येत नाही. मुलगा पुण्याची नोकरी सोडून परत आला आणि तो बघतो.

पुष्कळ दिवस मी गावाकडं फिरकलो नाही. मग एका रविवारी सकाळच्या एसटीनं गेलो. वेशीत उतरलो, बौद्धवस्तीची वाट धरली. ओळखीची माणसं भेटली. काहींनी रामराम घातला, काहींनी फोन कानाला लावला. मित्र दारात खाटेवर बसला होता. मी अंगणात उभा राहिलो आणि तिथंच सुरू केलं, की मी तेव्हा असं का केलं, माझ्या मनात काय होतं, मला कशाची भीती वाटली.

त्यानं डावा हात वर केला. "बस. मास्तर, यायचं तर येत जा. पर मला समजवाया येऊ नगंस. लई समजावलंस तू मला."

मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलो. मग त्यानं म्हशीचं सांगितलं, यंदा ती गाभण राहत नाही, डॉक्टर दोनदा येऊन गेला. मी विचारलं, वैरण काय घालता? त्यानं सांगितलं. मुलगा रानातून आला, मला बघून आत गेला, बाहेर आला नाही.

त्याची बायको चहा घेऊन आली. तिनं कप माझ्या हातात दिला नाही, खाटेच्या कडेला ठेवला आणि वळली. मी म्हणालो, "वहिनी." ती थांबली, पण मागं वळली नाही. मी कप उचलला, आणि ती आत गेली.

आता मी महिन्यातून एकदा जातो. म्हशीचं बोलतो, पावसाचं बोलतो, कागलच्या फौंड्रीत बरोबर असलेल्यांपैकी कोण कोण गेलं ते तो सांगतो. तो मला ये म्हणत नाही आणि जा म्हणत नाही. त्याची बायको चहा ठेवून जाते. अजून ती माझ्याशी बोललेली नाही. मागच्या खेपेला मी निघालो तेव्हा पाऊस लागला होता आणि माझ्याकडं छत्री नव्हती. मित्रानं मुलाला हाक मारली, "ह्येला स्टँडपतुर सोड." मुलानं मोटरसायकल काढली. स्टँडवर मी उतरलो, बरं म्हणालो, आणि त्यानं गाडी वळवली.